टीव्हीवरच्या निवडणुकीच्या बातम्या कुणाकडे झुकल्यात हे घरी बसून कसं मोजायचं

दर निवडणुकीला आमच्याकडे एकच वाद होतो. काका म्हणतात हे चॅनल विकलं गेलंय, आतेभाऊही म्हणतो विकलं गेलंय, फक्त काकांच्या मते ते एका बाजूला गेलंय आणि आतेभावाच्या मते दुसऱ्या. चॅनल तेच, रात्री नऊचं बुलेटिन तेच. २०२४ च्या विधानसभेला मी शेवटी एक दोनशे पानी वही घेतली, मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं आणि रोज तासभर नुसतं मोजत बसलो. त्यातून जे जमलं, जिथे चुकलो आणि काय केलं तर उपयोग होतो ते सगळं इथे लिहितोय. कुणालाही जमण्यासारखं आहे, पत्रकारितेची डिग्री लागत नाही.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. १९८२ साली बैरुतच्या साब्रा आणि शातिला छावण्यांमध्ये हत्याकांड झालं, त्याच्या अमेरिकन टीव्हीवरच्या बातम्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. क्लिपा अगदी त्याच. दोन्ही गटांना वाटलं की बातमी आपल्याच विरोधात आहे. १९८५ मध्ये तो अभ्यास छापून आला. म्हणजे आपल्याला राग आला एवढ्यावरून चॅनल पक्षपाती ठरत नाही, आपला राग हा आपल्याबद्दलचा पुरावा पण असू शकतो. म्हणून हे काम एकट्याने करू नका. राजकारणात तुमच्या बरोबर उलट मत असलेला एक माणूस सोबत घ्या, मी आतेभावाला घेतलं. दोघांनी वेगवेगळ्या वहीत लिहायचं, बुलेटिन चालू असताना एकमेकांचं बघायचं नाही, आणि शेवटी जुळवायचं. जे दोघांच्या वहीत सारखं आलं तेवढंच पक्कं धरायचं.

काय मोजायचं ते आधी ठरवा

सगळं मोजायला जाल तर दुसऱ्या दिवशी वही कपाटात जाईल. २०२४ च्या विधानसभेला २८८ जागांवर ४,१३६ उमेदवार होते, म्हणजे एका जागेला सरासरी चौदा. एवढं कुणालाच दाखवता येत नाही आणि मोजताही येत नाही. एक मतदारसंघ घ्या जिथे खरी टक्कर आहे आणि जो टीव्हीवर येतो, एक चॅनल घ्या, रोजचा एकच तास घ्या आणि सलग सात दिवस. शिवाय तुलनेसाठी दुसरं एक चॅनल, त्याच तासाचं, ते नंतर यूट्यूबवर बघितलं तरी चालतं. सह्याद्री वाहिनीच्या बातम्याही तुलनेला ठेवा, तिथे आरडाओरड नसल्यामुळे त्या दिवशी नेमकं काय काय घडलं ते पटकन कळतं.

आणि चॅनल निवडताना तुम्हाला न आवडणारं घेऊ नका. तुम्ही रोज बघता तेच घ्या. नावडत्या चॅनलमधल्या खोडी काढायला मेहनत लागत नाही.

मतदारसंघ घेताना माहीमचं उदाहरण डोक्यात ठेवा. २०२४ ला तिथे राज ठाकरेंचा मुलगा अमित ठाकरे पहिल्यांदा उभा राहिला, शिंदेंच्या शिवसेनेचे सदा सरवणकर माघार घेणार की नाही याचीच चर्चा दिवसेंदिवस चालली, आणि निवडून आले तिसरेच, ठाकरेंच्या शिवसेनेचे महेश सावंत, १,३१६ मतांनी. आता यात कुणी एका पक्षाची बाजू घेतली असं म्हणता येईल का? मला नाही वाटत. हा झुकाव नावाच्या वजनाचा आहे, घराण्याचा, नाट्याचा. मतदाराचं नुकसान त्यानेही होतं, पण हा आणि पक्षाकडचा झुकाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वहीत दोन वेगळ्या खुणा करा.

वही कशी आखायची

आडवं पान घ्या. रकाने असे: घड्याळातली वेळ, उमेदवाराचं नाव, बातमीचा प्रकार (लाईव्ह सभा, पॅकेज म्हणजे आधी जोडून तयार ठेवलेली बातमी, फोनो म्हणजे फोनवरून दिलेली माहिती, अँकरने नुसतं वाचलं, डिबेट), एकूण सेकंद, त्यातले उमेदवाराच्या स्वतःच्या आवाजातले सेकंद, वापरलेलं क्रियापद किंवा विशेषण, चित्रात काय दिसलं, आणि खाली पट्टीवर काय लिहिलं होतं. शेवटचे तीन रकाने मी पहिल्या दोन दिवशी ठेवलेच नव्हते, नुसते सेकंद मोजत होतो, आणि खरा मसाला तर तिथेच असतो हे तिसऱ्या दिवशी कळलं.

सेकंद

वेळ हे सगळ्यात सोपं माप. २०१४ च्या लोकसभेला सीएमएस मीडिया लॅब या माध्यमांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने पाच राष्ट्रीय चॅनलांचा रात्री आठ ते दहाचा वेळ मोजला होता, मार्च-एप्रिलमध्ये, त्यात नरेंद्र मोदींना साधारण ३३ टक्के, केजरीवालांना १० च्या आसपास आणि राहुल गांधींना ४ च्या आसपास वेळ मिळाला होता. आकडा बघून धक्का बसतो. पण थांबा, यातला बराच वेळ सभांचा असतो, मोदी तेव्हा दिवसाला कित्येक सभा घेत होते, आणि वेळ मिळाला म्हणजे कौतुकच झालं असंही नाही. एखाद्या उमेदवारावर तासभर घोटाळ्याची बातमी चालली तर तोही त्याच्या खात्यात वेळच लागतो. म्हणून एकूण सेकंदांच्या शेजारी स्वतःच्या आवाजातले सेकंद हवेतच.

समजा एका तासात अ या उमेदवाराला नऊ मिनिटं मिळाली आणि ब ला आठ. वरवर बरोबरी. पण अ नऊपैकी सहा मिनिटं स्वतः बोलतोय, थेट सभेतून, अँकर मध्ये तोंड उघडत नाही. आणि ब च्या आठ मिनिटांत तो स्वतः पन्नास सेकंद बोलतो, बाकी सगळं अँकर, रिपोर्टर आणि विरोधक त्याच्याबद्दल बोलतायत. हा फरक एका दिवशी दिसला तर सोडून द्या, सात दिवस रोज दिसला तर त्याखाली रेघ मारा.

क्रमही लिहा, पहिल्या दहा मिनिटांत कोण आलं आणि पावणेदहाला शंभर बातम्यांच्या वेगवान पट्ट्यात कोण कोंबलं गेलं.

क्रियापदं आणि नावं

इथे जरा जास्त वेळ थांबा, कारण मराठी बातम्यांमध्ये झुकाव सगळ्यात जास्त क्रियापदात लपतो. एकच वाक्य बघा. उमेदवार पत्रकार परिषदेत म्हणाला की रस्त्याचं काम मार्चपर्यंत होईल. हे "म्हणाले" असं सांगता येतं. "ग्वाही दिली" असंही सांगता येतं, आणि "दावा केला" असंही. ग्वाहीत विश्वास आहे, दाव्यात शंका आहे. तसंच एकाने विरोधकावर बोललं की तो "घणाघात" किंवा "हल्लाबोल" आणि दुसऱ्याने बोललं की "जीभ घसरली". एकाचं उत्तर म्हणजे "सडेतोड प्रत्युत्तर", दुसऱ्याचं उत्तर म्हणजे "सारवासारव". एकाची गर्दी "जनसागर", दुसऱ्याची "शक्तिप्रदर्शन". माहिती दिली तर "खुलासा", तीच माहिती नावडत्याने दिली तर "कबुली".

अँकर हे मुद्दाम करतो असं प्रत्येक वेळी नसतं. डेस्कवर बसलेलं पोरगं घाईत शब्द टाकतं आणि सवयीने एकाच बाजूला तोच शब्द जातो. पण ऐकणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम तोच, म्हणून मोजायचं.

कसं मोजायचं? वहीत प्रत्येक उमेदवाराचे शब्द तीन ढिगात टाका, बाजूचे, विरोधातले, साधे. म्हणाले, सांगितलं, बोलले हे साधे. मग अदलाबदल करून बघा, हे सगळ्यात उपयोगी पडतं: वाक्य तसंच ठेवून फक्त नावं बदला आणि मोठ्याने वाचा. "अमुक यांची सारवासारव" या जागी दुसऱ्या उमेदवाराचं नाव टाकून वाचल्यावर ते चॅनल असं कधी बोललं असतं का? सात दिवसांत एकदाही बोललं नसेल तर तुम्हाला काहीतरी सापडलंय.

पक्षाच्या नावांकडे तर आपल्या राज्यात खास लक्ष द्यावं लागतं. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना दिला, ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादी आणि घड्याळ अजित पवारांना. तेव्हापासून आयोगाच्या कागदावर एक शिवसेना आहे आणि एक शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे). टीव्हीवर मात्र ठाकरे गट, शिंदे गट, उबाठा, खरी शिवसेना असं काहीही चालतं, आणि यातला प्रत्येक शब्द काहीतरी बाजू सांगतो. उबाठा हे संक्षिप्त रूप विरोधक हिणवायला वापरतात, तसंच समोरून मिंधे म्हणतात. नेता स्वतः सभेत असं बोलला तर ती बातमी. पण चॅनलच्या स्वतःच्या पट्टीवर अवतरणचिन्हाशिवाय तो शब्द आला तर तो चॅनलचा शब्द झाला, तो वहीत लाल पेनाने लिहा. आणि एका बाजूला "गट" लावता आणि दुसऱ्या बाजूला "पक्ष", हेही लिहा.

चित्र, आवाज बंद करून

रोज त्या तासातली दहा मिनिटं म्यूट करून बघा. खरंच करा हे. मी पहिल्यांदा केलं त्या रात्री दोन सभा पाठोपाठ लागल्या. पहिल्या सभेला कॅमेरा वर, ड्रोनचा शॉट, मैदान काठोकाठ, मग स्टेजच्या खालून वर बघणारा अँगल, नेत्याच्या मागे झेंडे. दुसरी सभा अगदी जवळून घेतलेली, फक्त चेहरा आणि माईक, आणि मध्येच कडेच्या खुर्च्यांचा एक शॉट, त्यातल्या काही रिकाम्या. त्या सभेला गर्दी किती होती हे मला त्या चित्रातून कळायला मार्गच नव्हता, पण डोक्यात पक्कं बसलं की माणसं आली नाहीत. दुसऱ्या दिवशी आतेभावाने त्याच सभेचा दुसऱ्या चॅनलवरचा शॉट दाखवला, लांबून घेतलेला, आणि मैदान बऱ्यापैकी भरलेलं होतं.

आता इथे घाईने निष्कर्ष काढू नका. मोठे पक्ष आजकाल स्वतःचे कॅमेरे लावतात आणि तयार फीड, म्हणजे सभेचं चित्रण, चॅनलांना देतात, ड्रोनसकट. छोट्या उमेदवाराकडे ते नसतं, तिथे एक स्ट्रिंगर, म्हणजे चॅनलचा पगारी नसलेला स्थानिक वार्ताहर, मोबाईलवर जे मिळेल ते घेतो. म्हणजे चॅनलने मुद्दाम केलं नसेलही, पण पक्षाने दिलेलं चित्र आहे असं पट्टीवर सांगायला काय हरकत आहे? फीड कुणाचं ते दिसतंय का, हा एक प्रश्न वहीत कायमचा ठेवा.

आणखी तीन गोष्टी चित्रात बघा. जुने शॉट असतील तर "संग्रहित" लिहिलंय का. सभेचा खरा आवाज, घोषणा, टाळ्या सोडल्यात की नुसतं चित्र आणि वर अँकर. आणि स्क्रीन दोन भागात करून एका बाजूला नेता बोलतोय आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याच जुन्या भानगडीचे व्हिज्युअल फिरतायत असं होतंय का, झालं तर कुणाच्या बाबतीत होतंय.

डिबेट

डिबेटमध्ये डोकी मोजून फसू नका. चार खिडक्या, दोन इकडचे, दोन तिकडचे, असं दिसतं. पण पाचवा असतो "राजकीय विश्लेषक", त्याचं त्या आठवड्यातलं फेसबुक उघडून बघा, पुष्कळदा कळतं. खरं माप म्हणजे न अडवता मिळालेला सलग वेळ. प्रवक्त्याने बोलायला सुरुवात केली की स्टॉपवॉच चालू, अँकरने तोडलं किंवा माईक बारीक केला की बंद. दुसरं माप प्रश्नांचं. "तुमचं व्हिजन काय" हा एक प्रश्न आणि "तुम्ही उत्तर का टाळताय" हा दुसरा. कुणाला कुठला मिळतो ते सात दिवस लिहा.

पैसा

जाहिराती मोजा, त्या बातमीपासून वेगळ्या रकान्यात. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबर २०२४ ला लागली, त्याआधी सरकारी योजनांच्या जाहिराती सगळीकडे होत्या आणि त्यानंतर पक्षांच्या. ज्या तासात ज्याच्या जाहिराती जास्त त्या तासात त्याच्या बातम्या मऊ होतात का, हे बघण्यासारखं असतं.

टीव्हीवरच्या राजकीय जाहिरातीला आधी प्रमाणपत्र घ्यावं लागतं, सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २००४ च्या आदेशापासून. उमेदवारांच्या जाहिरातींसाठी ते काम जिल्ह्याची माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती करते, सगळे तिला एमसीएमसी म्हणतात. पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून दिलेला मजकूर, बघायचं कामही तिचंच. पेड न्यूज ओळखायची कशी? उमेदवाराच्या कामाचा अर्ध्या तासाचा "विशेष कार्यक्रम", त्यात विरोधकाचा एक शब्द नाही, एक अवघड प्रश्न नाही, आणि तोच मजकूर थोडा फिरवून दुसऱ्या चॅनलवरही. असं दिसलं तर संशय घ्यायला जागा आहे. हे कागदावरचंच आहे असं समजू नका, उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं होतं, २००७ च्या निवडणुकीत बातमीच्या रूपात छापलेल्या मजकुराचा खर्च दाखवला नाही म्हणून. ती वर्तमानपत्रांची केस होती पण खर्चाचा नियम टीव्हीलाही तोच. विधानसभेला आपल्याकडे उमेदवाराची खर्चाची मर्यादा ४० लाख आहे, लोकसभेला ९५ लाख, आणि पेड न्यूज ठरली की तिची किंमत त्यात धरली जाते.

मालकी पण एकदा बघून ठेवा. साम हे सकाळ समूहाचं, म्हणजे पवार कुटुंबाशी नातं असलेल्या समूहाचं. न्यूज१८ लोकमतमध्ये अंबानींचा नेटवर्क१८ आणि लोकमतचं दर्डा कुटुंब, ज्यातले लोक काँग्रेसचे खासदार आणि मंत्री राहिलेत. एनडीटीव्ही मराठी अदानींचं. पण मालकी म्हणजे पुरावा नव्हे. ती माहीत असावी, मोजमाप मात्र पडद्यावर दिसतं त्याचंच.

पोल

यावर फार वेळ घालवू नका. एजन्सी कुठली, किती लोकांना विचारलं, कुठल्या तारखांना, हे स्क्रीनवर नसेल तर तो आकडा वहीत लिहूच नका. २०२४ च्या लोकसभेला बहुतेक एक्झिट पोल एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेत होते आणि प्रत्यक्षात २९३ आल्या, महाराष्ट्रात ४८ पैकी ३० आघाडीकडे गेल्या.

तक्रार करायची असेल तर

सात दिवसांनी दोन्ही वह्या जुळवा. पहिल्यांदा हे विचारा की या फरकाला सरळ कारण आहे का. एक उमेदवार मुख्यमंत्री असेल, त्याने त्या आठवड्यात दहा सभा घेतल्या आणि दुसऱ्याने दोन, तर वेळेतला फरक समजण्यासारखा आहे. शब्दांतला आणि चित्रांतला फरक मात्र सभांच्या संख्येने समजावता येत नाही. दुसऱ्या चॅनलवर त्याच तासात काय होतं तेही बाजूला मांडा.

मग लिहायला बसा, आणि "तुमचं चॅनल विकलं गेलंय" हे वाक्य अजिबात लिहू नका. माझी पहिली तक्रार अशीच होती, रागाने भरलेली दीड पानं, त्यात एकही वेळ नाही, एकही शब्द जसाच्या तसा नाही. तिला उत्तर आलं नाही आणि आज वाटतं की उत्तर द्यायला त्यात काही नव्हतंच. दुसरी अशी लिहिली: तारीख, कार्यक्रमाचं नाव, रात्री ९ वाजून १४ मिनिटं, पट्टीवरचा शब्द असा, त्याच बुलेटिनमध्ये ९ वाजून २२ मिनिटांनी दुसऱ्या उमेदवाराच्या तशाच विधानाला वापरलेला शब्द असा, सोबत स्क्रीनशॉट. तिला उत्तर आलं.

कुठे पाठवायचं ते प्रकारावर आहे. बातमी एकतर्फी आहे एवढंच असेल तर आधी चॅनललाच, त्यांच्या वेबसाईटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि मेल असतो. प्रसारण झाल्यापासून सात दिवसांच्या आत पाठवा. २०२१ च्या केबल टीव्हीच्या नियमांप्रमाणे २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय मिळायला हवा. पटलं नाही तर ते चॅनल ज्या स्वयंनियमन संस्थेचं सभासद आहे तिकडे, बरीच मोठी चॅनलं एनबीडीएसए या वृत्तवाहिन्यांच्या संस्थेकडे येतात पण सगळी नाही, म्हणून आधी सभासद यादी बघा. तिथेही मुदत दोनच आठवड्यांची असते. तोच विषय कोर्टात चालू असेल तर ते घेत नाहीत.

पेड न्यूज किंवा प्रमाणपत्र नसलेली जाहिरात असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या एमसीएमसीकडे, आणि त्याच दिवशी. कारण पेड न्यूजच्या संशयावर निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवाराला ९६ तासांत नोटीस काढतो, उमेदवाराने ४८ तासांत उत्तर द्यायचं असतं. तुम्ही आठ दिवसांनी गेलात तर मतदान होऊन गेलेलं असतं. मतदान संपायच्या आधीच्या ४८ तासांत टीव्हीवर प्रचाराचा मजकूर दाखवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ ने बंदी आहे, आणि एक्झिट पोलसाठी १२६ अ. पण लक्षात घ्या, ही ४८ तासांची बंदी त्या त्या मतदारसंघाच्या मतदानाशी जोडलेली आहे. २०२४ च्या लोकसभेला आपल्याकडे १९ एप्रिल ते २० मे असे पाच टप्पे होते, विदर्भात मतदान चालू आणि टीव्हीवर दुसरीकडची सभा लाईव्ह, हे सगळ्यांनी बघितलंय. मला हे चुकीचं वाटतं, पण नुसतं एवढ्यावर तक्रार टिकणं अवघड आहे, त्यामुळे त्यात शक्ती घालवू नका. महापालिका, जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे असतात, तिथला पत्ता वेगळा.

पुरावा जपायचा म्हणजे टीव्हीचा फोटो काढताना चॅनलचा लोगो आणि कोपऱ्यातलं घड्याळ दोन्ही येऊ द्या. यूट्यूबवर लाईव्ह असेल तर लिंक आणि मिनिट-सेकंद लगेच लिहा, तो व्हिडिओ नंतर काढला जाऊ शकतो. चॅनलला दाखवलेल्या मजकुराचं रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवावं लागतं, म्हणून तक्रारीत "त्या तासाचं रेकॉर्डिंग जपून ठेवावं" अशी एक ओळ जरूर टाका. आणि दोघांची सही करा, तुमची आणि त्या उलट मताच्या माणसाची. आमच्या दुसऱ्या तक्रारीवर माझ्या शेजारी आतेभावाची सही होती, आणि काकांनी ती पाठवायच्या आधी दोनदा वाचून एक विशेषण खोडायला लावलं.